चढणीच्या दिवसांत रस्त्यावर कासव

मृगाचा पहिला खरा पाऊस कोसळतो त्या रात्री महाड-पोलादपूरच्या गावांत लवकर झोपायला कोणी तयार नसते. पऱ्ह्यांना लाल पाणी येते, भाताची खाचरे भरतात आणि नदीतले मासे अंडी घालायला त्या उथळ पाण्याकडे चढू लागतात. बॅटरी आणि टोपली घेऊन माणसे चढणीच्या माशांसाठी बांधाबांधाने फिरतात. त्याच रात्री, त्याच पाण्याच्या ओढीने, कासवही बाहेर पडते. उन्हाळाभर ते चिखलात किंवा पाचोळ्याखाली निपचित पडून असते. पाऊस अंगाला लागला की जागे होते आणि चालू लागते. वाटेत डांबरी रस्ता लागतो, नाहीतर काँक्रीटचा चौपदरी महामार्ग. सकाळी दूधवाला किंवा रातपाळीहून परतणारा कामगार त्याचे फुटलेले कवच पाहतो, हळहळतो आणि पुढे जातो.

हळहळणारी माणसे पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. पण थांबून नेमके काय करायचे, हे फार थोड्यांना माहीत असते. काहीजण मोठ्या मायेने कासव गाडीत घालतात आणि सात-आठ किलोमीटरवरच्या डोहात नेऊन सोडतात. काहीजण घरच्या विहिरीत टाकतात. दोन्ही गोष्टी चांगल्या मनाने होतात आणि दोन्हींमध्ये कासवाचे नुकसान होते. म्हणून हा लेख.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या मधे समुद्राला मिळते. तिच्या मुखापाशी वेळास गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये हाती घेतले. आज समुद्राकडे धावणारी ती पिल्ले पाहायला पुण्या-मुंबईहून माणसे येतात. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, डोहांत, तळ्यांत आणि भातशेतीत राहणाऱ्या कासवांना मात्र कोणी राखणदार नाही. समुद्री कासवाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. आपल्या काळ्या कासवाची मादी एका वेळी जेमतेम तीन ते सहा घालते. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्याकडची दोन कासवे

या भागात रस्त्यावर दिसणारे कासव बहुधा दोघांपैकी एक असते, आणि कोणते आहे त्यावर ते कसे उचलायचे हे ठरते.

पहिले काळे कासव. पाठ टणक, काळपट तपकिरी, आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या तीन उंचवट्याच्या रेघा. वीतभर, कधी त्याहून थोडे मोठे. दिवसा ते पाण्याकाठच्या दगडावर ऊन खात बसते आणि चाहूल लागली की पाण्यात उतरते. रात्री ते पाणी सोडून चरायला येते. गवत, पाणवनस्पती, खाली पडलेली फळे, मेलेले जनावर, सगळे त्याला चालते. नदीकाठच्या रस्त्यावर रात्री ते दिसते ते बरेचदा यामुळेच. स्वभावाने गरीब, पण घाबरले तर वाईट वास सोडते.

दुसरे मऊ पाठीचे. याची पाठ गोलसर, गुळगुळीत, हिरवट तपकिरी आणि हाताला कातड्यासारखी लागते. नाक नळीसारखे पुढे आलेले. पोटाच्या मागच्या बाजूला कातड्याच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की त्या दार लावल्यासारख्या बंद होतात. शेततळे, भाताचे खाचर, गावतळे, सुस्त वाहणारा ओढा ही त्याची घरे. बेडूक, गोगलगायी, मासे, मेलेले प्राणी खाऊन ते पाणी स्वच्छ ठेवते. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात खोल रुतून बसते आणि पावसाची वाट पाहते. त्याची मान तुम्हाला वाटते त्याहून बरीच लांब असते आणि ते चावते. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

दोघेही फुप्फुसांनी श्वास घेतात. मासा पाण्याबाहेर तडफडतो तसे यांचे होत नाही. म्हणून रस्त्यावरचे कासव दिसल्याबरोबर त्याला पाणी पाहिजे असे समजून घाई करू नका.

कधी, कुठे आणि का

पावसाच्या सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सर्वांत धोक्याचे. त्या दिवसांत मोठी कासवे नव्या पाण्याकडे जात असतात. मऊ पाठीच्या कासवाची अंडी जमिनीत कित्येक महिने राहतात आणि त्यांतली पिल्लेही पुष्कळदा पावसाच्या ओलीबरोबरच वर येतात. ती पिल्ले इतकी लहान असतात की गाडीतून दिसायची नाहीत. दुसरा काळ पावसाळा उतरणीला लागल्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा. माद्या अंडी घालायला पुराचे पाणी पोचणार नाही अशी, भुसभुशीत मातीची जागा शोधत पाण्यापासून दूर येतात. रस्त्याचा भराव त्यांना नेमका तसाच वाटतो. तिसरा काळ फेब्रुवारी ते मे. तळी आटतात आणि कासवे शिल्लक पाण्याच्या शोधात निघतात.

आता जागा. जिथे एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला शेत किंवा माळ, आणि मधून रस्ता, तिथे कासव येणारच. दासगाव, वहूर, केंबुर्ली या पट्ट्यात मुंबई-गोवा महामार्ग सावित्रीच्या कडेकडेने जातो. बिरवाडीच्या बाजूला काळ नदी आहे. रायगडकडे पाचाडला जाताना गांधारीचे खोरे लागते. पोलादपूर-महाड दरम्यान महामार्ग किती पऱ्हे ओलांडतो ते कधी मोजून पाहा. कशेडी आणि आंबेनळी घाटाच्या चढणीवर हा प्रश्न कमी. तो खाली, सपाटीवर, पाण्याजवळ आहे. सावध राहण्यासाठी वेगळ्या पाटीची गरज नाही. मोरी किंवा साकव दिसला, बेडकांचा आवाज वाढला, रस्त्यावर पाणी तरळू लागले की वेग कमी करा.

कासव गाडीसमोर असे का वागते, हेही समजून घ्यायला हवे. जमीन हादरली की ते थांबते, मान आणि पाय आत घेते. कोल्ह्यापुढे, मुंगसापुढे, कुत्र्यापुढे ही युक्ती त्याच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षे वापरली आणि ती यशस्वी ठरली. गाडीपुढे तीच घातक ठरते, कारण ते पळायचे सोडून रस्त्याच्या मधोमध बसून राहते. हॉर्न वाजवून किंवा दिवे चमकावून ते बाजूला होईल अशी अपेक्षा ठेवू नका. उलट ते आणखी घट्ट मिटून घेईल.

आणि एक कासव मेले तर काय बिघडले, असे विचारणाऱ्यांसाठी मघाचा तो अंड्यांचा हिशेब. अंडी थोडी. त्यांतली कित्येक घोरपड, मुंगूस, गावातली कुत्री उकरून खातात. उरलेल्या पिल्लांना बगळे आणि मोठे मासे टिपतात. जे जगते ते वयात यायला काही वर्षे घेते, पण एकदा मोठे झाले की दीर्घकाळ जगते आणि दरवर्षी अंडी घालते. कासवाचा वंश चालतो तो या दीर्घायुषी मोठ्या माद्यांच्या जिवावर, आणि अंडी घालायला रस्ता ओलांडतात त्याही याच माद्या. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००२ मध्ये रस्त्यांचे जाळे आणि कासवे यांचा हिशेब मांडला. मोठ्या कासवांच्या नेहमीच्या मृत्यूंत दरवर्षी दोन ते तीन टक्क्यांची भर पडली तरी बहुतेक जातींना ती सोसवत नाही, असे त्यांना आढळले. शंभरांतली दोन-तीन! एखाद्या तळ्यात चाळीस कासवे असतील तर वर्षाला एक-दोन गाडीखाली जाणे हेदेखील त्या तळ्याला जड आहे.

गाडी थांबवल्यावर

सर्वांत आधी तुमचा स्वतःचा जीव. चौपदरी महामार्गावर, पावसात, रात्री कासवासाठी एकदम ब्रेक मारणे किंवा गाडी वळवणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आमंत्रण. आरसा पाहा, वेग हळूहळू कमी करा, गाडी पुढे नेऊन पूर्ण कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू ठेवा. बरोबर कोणी असेल तर एकाने बॅटरी घेऊन येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे राहावे, दुसऱ्याने कासव उचलावे. एकटे असाल, वळण असेल, पाऊस दाट असेल, तर रस्त्यावर उतरू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून जागा सांगा. मुलांना रस्त्यावर कधीही पाठवू नका, दिवसासुद्धा. गावातल्या आतल्या रस्त्यावर, मोटारसायकलवर असाल तर हे सगळे पुष्कळ सोपे होते, आणि खरे म्हणजे सर्वाधिक कासवे तुम्ही तिथेच वाचवू शकाल.

रस्त्यावर गाड्या नसतील आणि कासव चालत असेल, तर त्याला हात न लावता पलीकडे जाऊ द्या. दोन मिनिटे उभे राहणे एवढीच मदत पुरते. मोठी गाडी येण्याची शक्यता असेल तरच उचला.

उचलायचे ते असे. काळे कासव दोन्ही हातांनी, कवचाच्या दोन्ही कडांना, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या भागात धरा. जमिनीपासून फार वर नेऊ नका. ते पाय झाडेल, लघवी करेल, दचकून तुमच्या हातून सुटेल. वीतभर उंचीवरून पडले तर निभावते, कमरेएवढ्या उंचीवरून काँक्रीटवर पडले तर कवच तडकते. मऊ पाठीच्या कासवाला असे बाजूंनी धरलेत तर त्याची मान मागे वळून बोटापर्यंत पोहोचेल. त्याला शक्यतो हात लावूच नका. गाडीतले पायपुसणे, गोणपाट, जुना टॉवेल, फावडे, घमेले, काहीही चालेल. पायपुसणे त्याच्यापुढे ठेवा, मागून काठीने हलकेच ढकला आणि वर चढले की पायपुसण्यासकट ओढत पलीकडे न्या. धरावेच लागले तर जाड कापड टाकून कवचाच्या मागच्या भागाला, मागच्या पायांजवळ धरा आणि तोंड आपल्यापासून दूर ठेवा.

शेपटीला धरून कधीही उचलू नका. कासवाचा कणा कवचाला जोडलेला असतो. शेपटीवर सगळा भार आला तर कण्यालाच इजा होते. उलटे करून नेऊ नका, गंमत म्हणूनही नाही. त्याची बरगड्यांची हाडे कवचात एकजीव झालेली असतात आणि कवचाला स्पर्श कळतो, दुखतेही. पाठीवर दगड आपटून ते हलते का हे पाहणारी मुले मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की त्याला लागते.

आणि आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कासवाचे तोंड ज्या बाजूला होते त्याच बाजूला त्याला सोडा. मागे नदी दिसत असली, पुढे नुसता माळ दिसत असला, तरीही. ते वाट चुकलेले नाही. त्या परिसरातली तळी, ओल, अंडी घालायच्या जागा त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. मादी अंडी घालायला माळाकडे निघाली असेल आणि तुम्ही तिला परत नदीत सोडलेत, तर तुमची गाडी नजरेआड होताच ती पुन्हा वर येईल आणि तोच रस्ता दुसऱ्यांदा ओलांडेल. लांबच्या डोहात नेऊन सोडलेले कासव ओळखीच्या जागेच्या शोधात भटकते, आणि त्या भटकण्यात आणखी दोन-चार रस्ते ओलांडते. रस्त्याच्या कडेपासून आठ-दहा पावले आत, गवतात, जमिनीवर ठेवा. पाण्यात फेकू नका. ठेवले की मागे सरा. ते थोड्या वेळाने मान बाहेर काढेल आणि आपल्या वाटेने जाईल.

महामार्गावर मधोमध काँक्रीटचा दुभाजक असतो तिथे ही गोष्ट अवघड होते. कासवाला तो चढता येत नाही; ते त्याच्या कडेकडेने चालत राहते आणि शेवटी गाडीखाली येते. तुम्हीही कासव हातात घेऊन दुभाजकावरून उडी मारू नका. जवळ मोरी असेल आणि तिच्यातले पाणी घोट्याएवढेच, संथ असेल, तर कासव तिच्या तोंडाशी, त्याला जायचे त्या दिशेला तोंड करून सोडा. पाण्याला जोर असेल तर मोरीजवळ अजिबात जाऊ नका. कासव आले त्या बाजूला, रस्त्यापासून जरा जास्त आत ठेवा आणि १९२६ ला कळवा. नियमाला ही एकच मुभा मी देईन.

सावित्रीत महाडच्या आसपास मगरी आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरून आलेल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे. कासव सोडायला म्हणून अंधारात नदीच्या काठाशी उतरू नका. पावसाळी रात्री रस्त्याकडेच्या गवतात फुरसे आणि घोणसही असतात. बॅटरी, बूट आणि हातात काठी, एवढे हवे. काम झाले की हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि त्यांचा त्रास लहान मुलांना जास्त होतो.

जखमी कासव

कवच फुटले म्हणजे कासव गेलेच असे समजू नका. कासवाचे शरीर सगळे सावकाश करते, मरतेही सावकाश आणि बरेही सावकाश होते. कवच हाड आहे. योग्य उपचार मिळाले तर तडे काही महिन्यांत भरून येतात. वरवर हालचाल बंद पडलेले कासवही तासाभराने पाय हलवते. म्हणून ते मेले असे गृहीत धरून कडेला फेकण्याआधी मागच्या पायाला हलकेच स्पर्श करून पाहा.

जखमी कासवाला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या स्वच्छ कापडावर ठेवा. वरून कापड झाका. अंधार मिळाला की ते शांत होते. पाण्यात ठेवू नका, कारण अशक्त कासव मान वर धरू शकत नाही आणि बुडून मरते. तोंडात पाणी ओतू नका, खायला देऊ नका. हळद, चुना, झाडपाला किंवा फेविक्विक जखमेवर लावू नका. आत घाण कोंडली जाते आणि पुढे डॉक्टरला काम करणे कठीण होते. माशा बसू देऊ नका. नंतर १९२६ वर किंवा रोहा वनविभागाच्या महाड वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा आणि ते सांगतील तसे करा. फोन कधी केला ते लिहून ठेवा. प्राथमिक उपचार तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकतात. दुखापत मोठी असेल तर वन विभाग मोठ्या केंद्रात पाठवण्याची व्यवस्था करतो; पुण्याला बावधनमध्ये असे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हीच करू शकता, नंतर कोणाला करता येत नाही. कासव नेमके कुठे सापडले ते लिहा. किलोमीटरचा दगड, जवळची मोरी, कोणत्या बाजूला तोंड होते, आणि मोबाइलवरचे ठिकाण. बरे झाल्यावर त्याला त्याच ठिकाणी सोडायचे असते. जागा माहीत नसेल तर बरे झालेले कासवही बेघर होते.

घरी नेऊ नका

भारतीय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. मऊ पाठीचे कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहे. ते पकडणे, पाळणे, विकणे, खाणे हा गुन्हा असून शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. चढणीच्या रात्री माशांबरोबर कासव टोपलीत येते आणि पूर्वीपासून खाल्ले जाते, हे मी नाकारत नाही. ज्या घरांत ते अडीअडचणीच्या दिवसांचे अन्न होते त्यांच्याकडे बोट दाखवायचे मला मुळीच सुचत नाही. पण आता रस्ते वाढले, तळी कमी झाली, आणि टोपली व टायर असा दोन्हीकडून होणारा घाटा कासवांना सोसवत नाही. टोपलीत आले तर पाण्यात परत सोडावे, इतकेच मागणे आहे.

कासव घरात ठेवले की लक्ष्मी येते या समजुतीने शहरांत काचेच्या पेटीतली छोटी हिरवी कासवे विकली जातात. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव अमेरिकेतले. मोठे झाले, पेटीत मावेना, की लोक ते जवळच्या तळ्यात सोडतात आणि ते आपल्या कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते. असे कासव घरात असेल तर नदीत सोडू नका, वन विभागाला विचारा. याहून भयंकर प्रकार ‘वीस नखी’ कासवाचा. पैशांचा पाऊस पाडण्याच्या भूलथापांसाठी अशा कासवांची तस्करी महाराष्ट्रात होते आणि पोलीस ती पकडतातही. काळ्या कासवाला साधारणपणे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखे असतात. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच. एखाद्याला जास्त असली तर तो जन्मजात फरक, आपल्या हाताला सहावे बोट असते तसा. गावात अनोळखी माणसे कासवाची चौकशी करत फिरू लागली तर पोलिसांना ११२ वर कळवा. शंकराच्या देवळात नंदीपुढच्या फरशीतल्या कासवाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. जिवंत कासवाला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे?

विहिरीबद्दलही सांगतो. कासव विहिरीचे पाणी स्वच्छ ठेवते म्हणून ते विहिरीत सोडायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. बांधीव विहिरीत त्याला ऊन खायला दगड नाही, अंडी घालायला माती नाही, वर यायला वाट नाही. ते तिथे जगते, पण एकटेच, आणि त्याच्यामागे काही राहत नाही.

गावाने करायच्या गोष्टी

एकेक कासव उचलून वाचवणे चांगलेच, पण खरे काम रस्त्याखाली आहे. आपल्या रस्त्यांखाली मोऱ्या आधीपासूनच आहेत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वाघ-चितळांसाठी पुलाखालून मुद्दाम वाटा ठेवल्या आहेत आणि प्राणी त्या वापरतात. कासवासाठी इतका खर्च लागत नाही. मोरी प्लास्टिक, गाळ आणि झुडपांनी तुंबलेली नसली, तिच्या तळाशी थोडी माती आणि दगड राहू दिले, आणि एका कडेला पाण्याच्या वर हातभर कोरडी पट्टी असली की कासव तिच्यातून जाते. नव्या रस्त्यांच्या मोऱ्यांचे तोंड पुष्कळदा जमिनीपासून फूटभर उंच असते. तिथे दगड-मातीचा उतार करून दिला पाहिजे. रस्त्याकडेची काँक्रीटची गटारे तर पिल्लांसाठी सापळेच. उभ्या भिंती, आत पडले की सुटका नाही. दर काही अंतरावर दगड रचून उतार केला तर पिल्ले, बेडूक, साप सगळेच बाहेर येतात. विहिरीत एक तिरकी फळी किंवा बांबूचा ताटवा सोडून ठेवला तर तेच.

जपानमध्ये रेल्वेच्या सांध्यांत कासवे अडकून गाड्या थांबायच्या आणि कासवेही मरायची. तिथल्या रेल्वे कंपनीने कोबेच्या एका मत्स्यालयाच्या मदतीने २०१५ च्या सुमारास रुळांखालून काँक्रीटचे छोटे, उघडे पाट काढले; कासवे त्यांत उतरून पलीकडे जातात. वीर आणि करंजाडीवरून कोकण रेल्वे जाते, म्हणून हे उदाहरण मनात ठेवावेसे वाटते.

शेतकऱ्यांना माझ्या तीन विनवण्या आहेत. राब भाजताना किंवा बांधावरचे गवत जाळताना आधी पाचोळा काठीने हलवून पाहा. काळे कासव उन्हाळ्यात अशा पाचोळ्याखाली बसते आणि वणव्यात पळू शकत नाही. चिखलणीला पॉवर टिलर घालण्याआधी खाचराच्या ओल्या कोपऱ्यातून एक फेरी मारा. नांगरताना अंडी उघडी पडली तर फिरवू नका, उलटी करू नका. आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो. ज्या बाजूने होती तशीच उचलून जवळच्या, पाणी न साचणाऱ्या जागी तेवढ्याच खोलीवर पुरा.

२०२१ च्या जुलैतल्या महापुरात महाडने जे सोसले ते इथे पुन्हा सांगत नाही. पण पुराचे पाणी उतरताना अंगणात, गोठ्यात, गटारात कासव सापडणे नवे नाही. पाणी ओसरेपर्यंत त्याला झाकलेल्या घमेल्यात ठेवा आणि मग वन विभागाला विचारून जवळच्या शांत पाण्याकाठी सोडा.

रस्त्यावर मेलेले कासव दिसले तरी फोटो घ्या. तारीख, वेळ, ठिकाण यांसह आयनॅचरलिस्टसारख्या नोंदणीच्या अ‍ॅपवर टाका आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. लोकजैवविविधता नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. कित्येक ठिकाणी ती कपाटात बंद आहे. एकाच मोरीपाशी दोन पावसाळ्यांत पाच-सहा नोंदी झाल्या तर गतिरोधक, पाटी किंवा मोरीची दुरुस्ती मागताना बांधकाम विभागापुढे ठेवायला तुमच्या हातात काहीतरी असते. शाळेतली मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात, फक्त त्यांनी ते रस्त्याच्या कडेवरून, मोठ्या माणसासोबत करावे.

२३ मे हा जागतिक कासव दिन. आपल्याकडे तेव्हा उन्हाने पऱ्हे कोरडे असतात आणि पाऊस दोन आठवड्यांवर असतो. त्या सुमारास एका संध्याकाळी फावडे आणि घमेले घेऊन गावाजवळच्या मोरीपाशी जा. दोन्ही तोंडांचा गाळ आणि प्लास्टिक काढा, तळातले दगड तसेच ठेवा, एका कडेला मातीची पट्टी दाबून बसवा, आणि तोंड उंच असेल तर चार दगडांचा उतार रचा. चार माणसांना दोन तास पुरतात.